दिव्याने कुणाचे ऐकावे?

रंगमंचावरचा आजचा दिवा फार भाबडा असतो. त्याला मिळणारा आदेश म्हणजे ० ते २५५ यांमधला एक आकडा. शून्य आले की तो विझतो, २५५ आले की पूर्ण पेटतो, मधले काही आले की तेवढाच उजळतो. हा आकडा कुणी पाठवला, तो खरोखर पाठवायचाच होता का, वाटेत बदलला तर नाही ना, यांतले काहीही तो विचारत नाही. विचारण्याची सोयच त्याच्यात ठेवलेली नाही.

ही भाषा १९८६ साली ठरली. त्याआधी प्रत्येक कंपनीचा बोर्ड आणि प्रत्येक कंपनीचा डिमर आपापली बोली बोलत असे, आणि एकाचे दुसऱ्याला कळत नसे. अमेरिकेतल्या रंगभूमी-तंत्रज्ञांच्या यूएसआयटीटी या संस्थेने सगळ्यांसाठी एक साधी रीत ठरवली आणि तिला डीएमएक्स ५१२ हे नाव दिले. एका केबलवर ५१२ चॅनेल. वेग सेकंदाला अडीच लाख बिट. सगळे चॅनेल वापरात असले, तरी ती पूर्ण यादी सेकंदाला सुमारे ४४ वेळा पुन्हा पुन्हा पाठवली जाते. एखादा आकडा वाटेत बिघडला, तर पुढची यादी लगेच येऊन तो दुरुस्त करते. म्हणून चूक पकडण्याची व्यवस्था नाही, आणि दिव्याकडून ‘मिळाले’ असा उलट निरोपही नाही. ही रीत घडवणाऱ्यांना तिचा भोळेपणा पक्का ठाऊक होता. ज्या कामात एका चुकीच्या आकड्याने माणसाला इजा होऊ शकते, उदाहरणार्थ आतषबाजी, तिथे ही भाषा वापरू नये असा इशारा मानकातच दिलेला आहे.

तरीही ही पद्धत टिकली, जगभर पसरली, आजही चालते. कारण विश्वासाची हमी दिव्यात नव्हती, ती केबलमध्ये होती. एका टोकाला बोर्ड, दुसऱ्या टोकाला दिवे. बोर्डापाशी बसलेला ऑपरेटर सगळ्यांना दिसतो. त्या तारेवर तिसरे कुणी बोलूच शकत नाही. तेव्हा बोलणारा कोण, ही शंका दिव्याने घ्यावी तरी कशासाठी?

भारतीय तत्त्वज्ञानात या प्रश्नावर शतकानुशतके कडाक्याचा वाद झाला आहे. मीमांसकांचे, विशेषतः सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या कुमारिल भट्टाचे म्हणणे असे, की ज्ञान उपजतानाच प्रमाण असते. समोर आलेले ज्ञान माणूस खरे धरूनच चालतो, आणि तेच योग्य आहे. पुढे त्याला बाधा आणणारे दुसरे ज्ञान आले, किंवा ज्ञानाच्या साधनातच दोष सापडला, तर ते सोडावे. संशयाला कारण लागते, विश्वासाला लागत नाही. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते ज्ञान खरे आहे की नाही हे त्या ज्ञानाबाहेरच्या गोष्टींवरून ठरते. याला परतःप्रामाण्य म्हणतात. आणि दुसऱ्याच्या शब्दावरून मिळालेले ज्ञान असेल, तर बोलणारा आप्त आहे का, म्हणजे त्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे का आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगण्याची त्याची इच्छा आहे का, हे पाहिलेच पाहिजे.

मीमांसकांचा यापुढचा मुद्दा फार धारदार आहे. शब्दात दोष येतो तो बोलणाऱ्यामुळे. त्याचे अज्ञान, त्याचा लोभ, त्याचा गैरसमज शब्दात उतरतो. जिथे बोलणारा माणूसच नाही, तिथे दोष शिरायला जागा नाही. म्हणून अपौरुषेय वेद प्रमाण. वेदांबद्दलचा हा निष्कर्ष कुणी मानो वा न मानो, त्यामागची मांडणी स्वच्छ आहे: दोषाला शिरण्याची वाट बंद असेल, तरच डोळे मिटून विश्वास ठेवणे शहाणपणाचे ठरते. डीएमएक्सची जुनी केबल ही अशी बंद वाट होती. तिच्या टोकाचा दिवा पक्का मीमांसक होता, आणि त्याचे काही चुकत नव्हते.

मग वाट उघडली.

१९९८ साली लंडनच्या आर्टिस्टिक लायसन्स या कंपनीच्या वेन हॉवेल यांनी आर्ट-नेट ही पद्धत आणली. तेच ५१२ आकडे आता संगणकाच्या साध्या नेटवर्कच्या तारेवरून पाकिटात घालून पाठवता येऊ लागले. २००९ मध्ये ई१.३१, म्हणजे धंद्यातले लोक ज्याला एसएसीएन म्हणतात, ते मानक प्रसिद्ध झाले. मोठ्या मैफली, मॉल, विमानतळ, पूल, मंदिरांचे कळस, सगळीकडे हजारो चॅनेल लागत होते आणि ५१२च्या केबलींचे भारे ओढणे परवडत नव्हते. बदल अटळ होता आणि उपयोगाचाही होता. पण दिवा जिथल्या तिथे राहिला. त्याचा भाबडेपणा तसाच ठेवून त्याला भर रस्त्यात आणून बसवले गेले. ज्या तारेवरून हिशेबाचे कागद जातात, सीसीटीव्हीचे चित्र जाते, पाहुण्याच्या मोबाइलवरचा सिनेमा जातो, त्याच तारेवरून आता दिव्याचा आकडा येतो. तो ज्या यूडीपी पद्धतीने येतो, तिच्यात पोच नाही आणि हरवलेले पुन्हा पाठवणे नाही. आर्ट-नेट काय किंवा एसएसीएन काय, मूळ रूपात पाठवणाऱ्याची ओळख पटवून घेण्याची सोय दोन्हींत नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव असते, पण ते कुणीही काहीही लिहू शकतो.

या भरवशाचे एक बोलके उदाहरण आर्ट-नेटच्या पत्त्यांत सापडते. तिच्या रचनेत २ या आकड्याने सुरू होणारे आयपी पत्ते ठरवले गेले, कारण तेव्हा इंटरनेटवर ते कुणालाच दिलेले नव्हते. रिकामी जागा आहे, तिथे कुणी राहत नाही, म्हणून दिव्यांनी तिथे नांदावे. २००९ मध्ये तीच जागा युरोपात पत्त्यांचे वाटप करणाऱ्या संस्थेकडे गेली आणि तिथे खरी माणसे राहायला आली. बंद नाटकघरात याने काहीच बिघडत नाही. पण तेच नेटवर्क इंटरनेटला जोडले, की दोन जगांत एकच घर-क्रमांक होतो.

नेटवर्कवर नेमके काय बिघडते, हे तपशिलात पाहायला हवे, कारण प्रश्नाचा गाभा तिथेच आहे. एसएसीएनचे एक पाकीट ६३८ बाइटचे. वरची वेष्टणे धरून आणि सेकंदाला ४४ पाकिटे धरून एका युनिव्हर्सला, म्हणजे ५१२ चॅनेलच्या एका संचाला, साधारण पाव मेगाबिट लागतो. अशी शंभर युनिव्हर्स झाली तरी सगळी मिळून २४ मेगाबिट. हजार मेगाबिटच्या तारेला हे किरकोळ आहे. अडचण वेगळीच आहे. ही पाकिटे एकाला उद्देशून नसतात, ती एका गटाला उद्देशून असतात. साध्या नेटवर्क-स्विचला तो गट कोणता हे कळत नाही, म्हणून तो प्रत्येक दारावर प्रत्येक पाकीट टाकत सुटतो. त्यातले एक दार वायफायच्या यंत्राकडे जाते. वायफायमध्ये गटासाठीचा निरोप सर्वांत मंद वेगाने पाठवण्याची पद्धत आहे, म्हणजे सर्वांत दूरच्यालाही तो ऐकू यावा. दिव्यांचे २४ मेगाबिट त्या अरुंद वाटेत शिरले की कार्यालयातले लोक म्हणतात, ‘इंटरनेट गेले.’ त्यांचे इंटरनेट जागेवर असते. फक्त सभागृहात रंगीत तालीम सुरू झालेली असते.

उलट दिशेनेही तेच. कार्यालयात कुणीतरी एक तार चुकून दोन्ही टोकांनी एकाच स्विचला लावतो, निरोप गोल गोल फिरू लागतात, आणि इकडे प्रयोगात दिवे अडखळतात. मेल पाच सेकंद उशिरा आला तर कुणाचे काही बिघडत नाही. पण नायिका दार उघडते त्या क्षणी पडायचा उजेड पाच सेकंदांनी पडला, तर प्रसंग गेला. अंधारात नेपथ्य हलवणारा माणूस ब्लॅकआऊटच्या भरवशावर पाऊल टाकतो, आणि ब्लॅकआऊट संपल्यावर उजेड येईल या भरवशावर थांबतो. त्याच्यासाठी हा कलेचा मुद्दा राहत नाही, हाडांचा होतो.

त्याहून सूक्ष्म घोटाळा दोन बोलणाऱ्यांचा. एकाच युनिव्हर्सला दोन बोर्ड एकाच वेळी आदेश देऊ लागले तर? एसएसीएनमध्ये प्रत्येक स्रोताला ० ते २०० असा अग्रक्रम देता येतो, पण कुणी तो बदलत नाही आणि सगळेच ठरलेल्या १००वर राहतात. अग्रक्रम सारखा असेल, तर बहुतेक उपकरणे दोन आकड्यांपैकी मोठा आकडा मानतात. म्हणजे भांडणात नेहमी जास्त उजेडाची बाजू जिंकते. मुख्य बोर्डाने ब्लॅकआऊट दिला आणि मागच्या खोलीत कुणाचा तरी विसरलेला लॅपटॉप ४० टक्के उजेड पाठवत बसला असला, तर अंधार होतच नाही. ऑपरेटर बटण दाबत राहतो, त्याचा आदेश बरोबर असतो, वेळेवर पोचतही असतो. तरी दिवा मानत नाही, कारण तो दोघांचेही सारख्याच निष्ठेने ऐकत असतो.

इथे दिव्याला दोष देणे अन्यायाचे होईल. आप्त कोण हे ओळखण्याची शक्ती ज्याला दिलेलीच नाही, त्याच्या वतीने ती पारख दुसऱ्या कुणीतरी करायला हवी. म्हणून जाणते तंत्रज्ञ सांगतात की प्रकाशाचा डेटा इतर वाहतुकीपासून अलग ठेवा. या सल्ल्याचा खरा अर्थ असा आहे: दिवा नैयायिक होऊ शकत नाही, तेव्हा त्याच्याभोवतीचे जग असे रचा की त्याला मीमांसक राहणे परवडेल. दोषाची वाट पुन्हा बंद करा.

ती दोन प्रकारे बंद करता येते. पहिला प्रकार सरळ: वेगळी तार, वेगळा स्विच, कार्यालयाशी संबंधच नाही. दुसरा प्रकार व्हीलॅनचा. १९९८च्या ८०२.१क्यू या मानकाने प्रत्येक पाकिटाला चार बाइटची खूणचिठ्ठी जोडायची रीत घालून दिली. तीत १२ बिटांचा एक क्रमांक असतो. त्यातून ४०९४ निरनिराळी जाळी एकाच तारेवर नांदू शकतात. दिव्यांचे जाळे १०, कार्यालयाचे २०, पाहुण्यांचे ३०. तार तीच, स्विच तोच, वीज तीच. पण १० क्रमांकाच्या पाकिटाला २० क्रमांकाचे दार दिसतसुद्धा नाही.

वेदान्त शिकलेल्या माणसाला इथे घटाकाश आठवल्याशिवाय राहणार नाही. घागरीतले आकाश आणि बाहेरचे आकाश निराळे भासते; निराळेपण घागरीचे असते, आकाशाचे नसते. त्या घागरीला शास्त्रात उपाधी म्हणतात. व्हीलॅनची खूणचिठ्ठी ही अशीच उपाधी आहे. प्रकाशाचे पाकीट आणि पगारपत्रकाचे पाकीट यांच्यात पदार्थ म्हणून काहीही फरक नाही. दोन्ही विजेचे स्पंद आहेत. मग हे वेगळेपण खरे की खोटे?

शंकराचार्यांच्या परंपरेचे उत्तर इथे चपखल बसते. परमार्थात भेद नाही, व्यवहारात आहे, आणि व्यवहारातला भेद व्यवहारापुरता पूर्ण खरा आहे. पण या उत्तराचा दुसरा भाग लोक विसरतात. उपाधी फुटू शकते. सेटिंग करताना एका दाराचा क्रमांक चुकला, की १० आणि २० एकमेकांत मिसळतात. स्विचचा वीजपुरवठा गेला, की सगळी जाळी एकदमच जातात, कारण खाली आधार एकच आहे. गटाचे निरोप फक्त मागणाऱ्यालाच द्यायची जी सोय स्विचमध्ये असते, ती चालू केली पण ‘अजून कुणाला हवे आहे का’ हे विचारत राहणारा कुणी नेमलाच नाही, तर चार-साडेचार मिनिटांनी स्विच यादी पुसून टाकतो आणि दिवे आहेत तिथे गोठतात. चाचणी तीन मिनिटांत आटोपली असेल, तर हे कळते ते थेट प्रयोगात. म्हणून फिरत्या प्रयोगांसाठी आणि एकदाच होणाऱ्या मोठ्या कार्यक्रमांसाठी वेगळी तार आणि वेगळा स्विच यांचा आग्रह धरणारे लोक जुन्या वळणाचे नाहीत. त्यांना उपाधीचे स्वरूप नीट कळलेले असते. कायमच्या इमारतीत मात्र, जिथे एकच देखभाल करणारा चमू रोज हजर असतो, व्हीलॅन पुरते आणि परवडतेही.

आता मराठी वाचकाच्या मनात उठणारा खरा प्रश्न. वेगळे ठेवा, मिसळू देऊ नका, स्पर्श होऊ देऊ नका, ही भाषा या मातीत नवी नाही. सोवळ्या-ओवळ्याच्या आणि पाणवठ्यांच्या इतिहासाने ‘वेगळे ठेवणे’ या कल्पनेवर एवढे रक्त आणि अपमान लादले आहेत, की विलगीकरणाचे कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने आधी त्या इतिहासाला उत्तर दिले पाहिजे. यंत्रांची गोष्ट आहे, माणसांची नाही, असे म्हणून सुटका होत नाही. कारण तर्क तोच वापरला जातो: मिसळल्याने बिघडते.

महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला. त्याच्या आधीच, १९२३ मध्ये, मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला होता, आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केले होते. कागदावर वेगळेपण संपले होते, प्रत्यक्षात उभे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी पाणी प्यायल्यावर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला तो एका साध्या मुद्द्यावर. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून आहे, असा दावा करणाऱ्यांना ती सिद्ध करता आली नाही. भिंतीला पुरावा मागितला गेला, आणि भिंतीकडे पुरावा नव्हता.

ही कसोटी नेटवर्कवरच्या भिंतीलाही लावायला हवी, आणि ती लावली की दोन प्रकारच्या वेगळेपणातला फरक उघड होतो. सोवळ्याचा सिद्धान्त असा, की विटाळ एकाच दिशेने वाहतो. खालच्याच्या स्पर्शाने वरचा बाटतो, वरच्याच्या स्पर्शाने खालच्याचे काहीच बिघडत नाही. नेटवर्कवर असे कुणी म्हणू शकत नाही. दिव्यांच्या पाकिटांनी कार्यालयाचे वायफाय गुदमरते, कार्यालयाच्या गोंधळाने दिवे अडखळतात. भिंत दोघांचेही सारखेच रक्षण करते आणि दोघांनाही सारखीच अडवते. प्रकाशाचा डेटा श्रेष्ठ आहे म्हणून त्याला वेगळे ठेवत नाहीत. तो दुबळा आहे, त्याला खोटे ओळखता येत नाही, म्हणून ठेवतात. उद्या त्याला ते ओळखता आले, तर भिंत काढून टाकण्यात कुणाची प्रतिष्ठा जाणार नाही. सोवळ्याला असा दिवस कधीच कल्पिता येत नव्हता, कारण त्याचा पाया दुबळेपणाच्या काळजीत नव्हता, जन्मात होता.

न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण सांगताना एक गोष्ट स्पष्ट नोंदवली आहे, आणि तिच्याकडे आपल्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. त्याच्या मते आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या तिघांनाही सारखेच लागू होते. विश्वासार्हता ज्ञानावर आणि प्रामाणिकपणावर ठरते, कुळावर नाही. त्या काळात हे लिहिणे ही मोठी गोष्ट होती. आणि याच निकषावर आजची नेटवर्कची भिंत तपासली, तर तिचा एक खरा दोष दिसतो. व्हीलॅनमध्ये पाकिटाला विश्वास मिळतो तो कोणत्या दारातून आले यावरून. भिंतीवरच्या १० क्रमांकाच्या दारात जो लॅपटॉप लागेल तो आप्त. मग तो प्रकाशयोजनाकाराचा असो की वाट चुकलेल्या पाहुण्याचा. हा जन्माधिष्ठित विश्वासच आहे. तो सध्या लागतो, हे मान्य. तो आदर्श आहे, हे मान्य करण्याचे कारण नाही.

घडलेल्या घटनाही हेच दाखवतात. २०२१ मध्ये जर्मनीतल्या इमारत-स्वयंचलनाच्या एका कंपनीचा आपण बसवलेल्या शेकडो उपकरणांशी संपर्क तुटला. दिव्यांची बटणे, हालचाल टिपणारे संवेदक, खिडक्यांचे पडदे चालवणारी यंत्रे. सुमारे तीन चतुर्थांश उपकरणे आतून पुसून, त्यांच्याच सुरक्षेसाठी असलेल्या किल्लीने कुलूपबंद केली गेली होती. हल्लेखोर आत आले ते इंटरनेटकडे उघड्या राहिलेल्या एका यूडीपी दारातून. भिंत होती, तिला भोक होते. इमारतीतल्या लोकांना उजेडासाठी मुख्य ब्रेकर वरखाली करावे लागले; अखेर लाइम्स सिक्युरिटी या कंपनीच्या तज्ज्ञांनी एका उपकरणाच्या स्मृतीतून ती किल्ली शोधून काढली. २०१६ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या आणि कॅनडाच्या डलहौसी विद्यापीठातल्या संशोधकांनी तर तारेला हातही लावला नाही. ड्रोनवर रेडिओ यंत्र बांधून त्यांनी साडेतीनशे मीटरवरून एका इमारतीतले फिलिप्स ह्यू दिवे ताब्यात घेतले आणि ते एसओएसच्या खुणेने लुकलुकवून दाखवले. नेटवर्कच्या भिंतीला वळसा घालून वाट हवेतून गेली होती.

भिंतीवर भरवसा ठेवू नये, हा दुसरा विचार या घटनांच्या आधीच पुढे आला होता. २००९ मध्ये गुगलसह अनेक कंपन्यांवर मोठा सायबर हल्ला झाला. त्यानंतर गुगलने आपल्या अंतर्गत जाळ्याला ‘आतले म्हणून विश्वासू’ मानणे सोडून दिले. २०१० मध्ये फॉरेस्टरच्या जॉन किंडरवॅग यांनी याच विचाराला ‘झीरो ट्रस्ट’ हे नाव दिले. ऑगस्ट २०२०मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेने त्याची सविस्तर मांडणी प्रसिद्ध केली. त्याचे सार असे, की कुणी कुठून बोलतो यावर काहीच मानू नका. प्रत्येक वेळी बोलणारा कोण आणि त्याला हे बोलण्याचा अधिकार आहे का, हे तपासा. न्यायशास्त्राच्या अभ्यासकाला यात परतःप्रामाण्य ओळखता येईल.

तत्त्व म्हणून हे जास्त न्याय्य आहे. पण दिव्याच्या बाबतीत घाई करू नये. सेकंदाला ४४ वेळा येणाऱ्या प्रत्येक पाकिटाची ओळख पटवायची तर दिव्यात तेवढी ताकद हवी, किल्ल्या हव्यात, त्या किल्ल्या सांभाळणारा माणूस हवा. आणि प्रयोगाच्या मध्यावर एखाद्या किल्लीची मुदत संपली तर खरा ऑपरेटरच परका ठरेल. जर्मनीत हेच झाले होते, फक्त किल्ली चोराने लावली होती. जगभरच्या नाट्यगृहांत वीस-वीस वर्षे जुने दिवे लटकलेले आहेत. ते या जन्मात नैयायिक होणार नाहीत. त्यांच्यासाठी भिंत हवीच.

पण भिंत घालूनही प्रश्नाचा एक भाग शिल्लक राहतो, आणि तो अमेरिकेतल्या एका शाळेने दाखवून दिला. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या विल्ब्रहॅम गावातल्या मिनेचॉग शाळेची इमारत २०१२ साली उघडली. ऊर्जा वाचावी म्हणून तिथले सुमारे ७००० दिवे एका संगणक-प्रणालीकडे सोपवले होते. ऑगस्ट २०२१मध्ये ती प्रणाली बंद पडली आणि दिवे चालू स्थितीत अडकले. हाताने विझवायला भिंतीवर बटणे नव्हती. २०२३च्या सुरुवातीपर्यंत दिवसरात्र दिवे जळत राहिले. वर्गात चित्रफीत दाखवायची असली की शिक्षक हाताने बल्ब काढत. ऊर्जा वाचवणारी व्यवस्था महिन्याला हजारो डॉलर जाळत होती. इथे मिसळ झाली की नाही हा मुद्दाच नव्हता. दिव्याला एकाच वक्त्याचे ऐकायला शिकवले होते, आणि तो वक्ता मुका झाला होता.

म्हणून आपत्कालीन दिवे वेगळ्या तत्त्वावर बांधतात. वीज गेली की बाहेर पडण्याच्या वाटेवरचा दिवा आपल्या बॅटरीवर आपणहून पेटतो. तो कुणाच्या पाकिटाची वाट पाहत नाही. वीज गेली हे त्याला कुणी सांगितलेले नसते, ते त्याला थेट जाणवते. शब्दप्रमाण संपते तिथे त्याचे प्रत्यक्ष सुरू होते. पूर्ण काळोख हवा असलेले दिग्दर्शक बाहेरची वाट दाखवणाऱ्या हिरव्या फलकांवर कायम नाराज असतात, आणि नियम करणारे त्यांचे ऐकत नाहीत हे फार चांगले आहे. इमारतीत काही दिवे असे असलेच पाहिजेत, की ज्यांना कुठल्याच जाळ्याचा हुकूम लागत नाही.

उरलेल्या दिव्यांसाठी ठरवण्याचे काम माणसाचे आहे, आणि ते लेखी हवे. शनिवार-रविवारी एकाच मराठी नाट्यगृहात सकाळी, दुपारी आणि रात्री तीन निरनिराळ्या संस्थांचे प्रयोग लागतात. बोर्ड बदलतो, माणसे बदलतात, दिवे मात्र तेच. एसएसीएनमध्ये बोलणारा गप्प झाला तर दिवा अडीच सेकंद वाट पाहतो आणि मग तो स्रोत गेला असे धरतो. त्यानंतर काय करायचे, हे बसवणाऱ्याने आधीच सांगून ठेवायचे असते: शेवटचा उजेड तसाच धरायचा, हळूहळू विझायचे, की ठरलेला सौम्य उजेड द्यायचा. रंगमंचावरच्या दिव्याने शेवटचे दृश्य धरून ठेवावे, कारण नट अजून बोलत असतो. प्रेक्षागृहातल्या दिव्याने मात्र सौम्य उजेड द्यावा, कारण तिथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना पायऱ्या कुठे आहेत हे ठाऊक नसते.